120चा रोल: चढलेल्या फ्रेम, गायब झालेला बारावा फोटो आणि कागदाचा हिशेब

धुतलेला 120चा रोल, म्हणजे मागे कागद असलेली रुंद फिल्म, वाळत टांगलाय, खालच्या टोकाला पाणी ठिबकतंय, आणि पाचव्या फोटोतल्या आजीच्या खांद्यातून सहाव्या फोटोतल्या बैलाची शिंगं उगवली आहेत. पहिला विचार येतो, कॅमेरा गेला. दुसरा, दुरुस्तीचे किती होतील. जरा थांबा. काय बिघडलं याचा पंचनामा त्या ओल्या पट्टीवरच लिहिलेला असतो. तो वाचता आला तर बऱ्याचदा दुरुस्तीवाल्याची पायरी चढावीच लागत नाही.

मी हे शिकलो ते मामांच्या यशिका मॅट 124 जीवर, आणि फुकट शिकलो नाही. एका बारशाला मी तेरावा, चौदावा, पंधरावा असे फोटो काढतच गेलो. कॅमेरा अडत नव्हता, मी खुशीत होतो. रोल बारा फोटोंचा होता. प्रेशर प्लेट, म्हणजे फिल्म मागून सपाट दाबून धरणारी पट्टी, 24 फोटोंच्या खुणेवर राहिली होती. आत्याबाईंच्या मांडीवरचं बाळ, नाव ठेवतानाची गर्दी, सगळं मी नुसत्या काळ्या कागदावर टिपलं.

आधी रोल उलगडून बघा

एक जुना, मुदत संपलेला रोल बळी द्या आणि दिवसाउजेडी उलगडा. यापुढचं सगळं त्यावरून समजेल.

120चा रोल कोडॅकनं 1901 साली ब्राउनी नंबर 2 या कॅमेऱ्यासाठी आणला. त्याची रचना अजून तीच आहे. सुमारे दीड मीटर लांब कागद, आतून काळा, बाहेरून छापील. त्याच्या मधल्या भागावर सव्वासहा सेंटिमीटरपेक्षा थोडी अरुंद आणि 80-82 सेंटिमीटर लांब फिल्म. ही फिल्म कागदाला फक्त सुरुवातीच्या टोकाला चिकटपट्टीनं जोडलेली असते. शेवटचं टोक मोकळं. कारण साधं आहे: फिल्म आणि कागद स्पूलभोवती, म्हणजे गुंडाळायच्या रिळाभोवती, वेगवेगळ्या त्रिज्येवर गुंडाळले जातात. दोन्ही टोकं चिकटवली असती तर मध्ये फुगा आला असता.

35 मिलिमीटरच्या फिल्मला दोन्ही कडांना भोकं असतात. दातेरी चाक आठ भोकं पुढे गेलं की एक फ्रेम झाली, प्रश्न मिटला. 120ला भोकं नाहीत. मग एक फोटो संपून दुसऱ्याची जागा आली हे कॅमेऱ्याला कळतं कसं? त्याला फोटो दिसत नाही, फिल्मही दिसत नाही. त्याला फक्त सरकणारा कागद जाणवतो. फ्रेमच्या अंतराचे सगळे घोळ या एका गोष्टीतून निघतात.

थोडा हिशेब करू. 6×6 म्हणतात ती फ्रेम प्रत्यक्षात सुमारे 56 मिलिमीटरची असते. बारा फ्रेमचे 672 मिमी. मधल्या अकरा फटी प्रत्येकी 5 मिमी धरल्या तर आणखी 55. एकूण 727. फिल्म 82 सेंटिमीटरची असेल तर उरतात नऊ-साडेनऊ सेंटिमीटर, तेही पुढचं आणि मागचं टोक मिळून. म्हणजे रोल भरताना चार-पाच सेंटिमीटर इकडेतिकडे झाले की एका टोकाचा फोटो गेला म्हणून समजा.

कागद मोजायच्या तीन तऱ्हा आहेत, आणि तुमचा कॅमेरा कोणत्या तऱ्हेचा हे आधी ठरवा.

पहिली, लाल खिडकी. कागदावर छापलेला आकडा मागच्या खिडकीत डोळ्यांनी बघायचा. एकेकाळी आपल्याकडच्या घराघरांत दिसणारा आग्फा क्लिक थ्री, लुबिटेल, होल्गा, जुने घडीचे कॅमेरे या जातीचे. इथे मोजणारे तुम्हीच.

दुसरी, मोजणारा रूळ. कागद एका रूळावरून घासत जातो, रूळ ठरावीक फिरला की यंत्र अडतं. ड्रेस्डेनचा पेंटाकॉन सिक्स असा चालतो.

तिसरी, स्पूलच्या फेऱ्यांचा अंदाज. ही युक्ती हुशार आहे पण नाजूक. रिकाम्या स्पूलचा गाभा साधारण 12 मिमीचा, त्याचा एक फेरा जेमतेम चार सेंटिमीटर कागद ओढतो. भरत आलेल्या स्पूलचा फेरा साडेसहा सेंटिमीटरच्या पुढे जातो. दर फोटोला सारखाच फेरा दिला तर फटी वाढत वाढत जातील. म्हणून आत असं चाक बसवलेलं असतं की प्रत्येक फ्रेमगणिक फेरा थोडा कमी होतो. किती कमी करायचा, हे कागद आणि फिल्म किती जाड आहेत त्या गृहितावर ठरलेलं असतं. ते गृहीतक कॅमेरा बनला त्या काळचं. आजची फिल्म त्याला विचारून बनवलेली नाही.

रोल भरताना

यशिका मॅटसारखा जुळ्या भिंगांचा कॅमेरा समोर धरून सांगतो. बाकीचे कॅमेरे थोड्याफार फरकानं हेच मागतात.

1. सावलीत या. ऊन असेल तर ऊन पाठीवर घेऊन स्वतःच्या सावलीत भरा. थंड कपाटातून रोल काढला असेल तर पाकीट न फोडता तासभर बाहेर राहू द्या. नाहीतर फिल्मवर दव धरतं.

2. मागचं झाकण उघडून प्रेशर प्लेट बघा. 124 जीमध्ये ती दाबून सरकवता येते आणि 12 की 24 ते दिसतं. 24 हे 220च्या, म्हणजे चोवीस फोटोंच्या रोलसाठी. त्या रोलला फिल्मच्या मागे कागद नसतो, म्हणून प्लेटची जागाही बदलते. आता 220 क्वचितच हाती लागतो, तेव्हा प्लेट 12वर ठेवा आणि दर वेळी बघा. जुना कॅमेरा नव्यानं विकत घेतला असेल तर दोनदा बघा.

3. खालचा रिकामा स्पूल काढून वर न्या. बाजूचा नॉब ओढून स्पूल बसवा, नॉब सोडा, आणि स्पूल बोटानं थोडा फिरवून बघा. नॉबची जीभ स्पूलच्या खाचेत टक्‌कन बसली पाहिजे. अर्धवट बसलेला स्पूल तिरका फिरतो आणि अख्खा रोल तिरका जातो.

4. नवा रोल खाली बसवा. कागदाची काळी बाजू भिंगाकडे, छापील बाजू तुमच्याकडे. रोलची चिकटपट्टी फोडल्यापासून रोलवरचा अंगठा काढायचा नाही. सुटलेला रोल स्प्रिंगसारखा सैल होतो, आणि आत पडलेला तो ढिलेपणा नंतर निघत नाही.

5. कागदाची जीभ वरच्या स्पूलच्या फटीत घाला, अगदी मधोमध. फूजीच्या रोलला जिभेवर भोक असतं. त्यांच्याच स्पूलवरच्या खुंटीत ते अडकतं. इतर स्पूलवर ते भोक नुसतं भोकच. जीभ खोल घातली की झालं, दुमडून कोंबायची गरज नाही. दुमडलेल्या जिभेमुळे पहिल्या काही फेऱ्यांत एका बाजूला उंचवटा येतो.

6. क्रँक (फिल्म पुढे न्यायचा बाजूचा दांडा) हळूहळू फिरवा आणि दुसऱ्या हाताचा अंगठा खालच्या रोलवर हलका टेकवून ठेवा. हा हलका लगाम म्हणजे अर्धी विद्या. कागद दोन्ही कडांना सारखा चालतोय ना ते बघा. एका कडेला चढत असेल तर आत्ताच मागे घ्या, पुढे जाऊन तो आपोआप सरळ होत नाही.

7. कागदावर आडवा बाण येईल. तो कॅमेऱ्यातल्या खुणांशी नेमका जुळवा. जवळपास म्हणजे जुळवणं नव्हे. बाण पुढे गेला तर कागद मागे ओढून रोल पुन्हा घट्ट करून घ्या. घाई असली तरी.

8. झाकण लावा, खटका नीट बसला का बघा, आणि क्रँक अडेपर्यंत फिरवा. खिडकीत 1 दिसेल.

यानंतर एक सवय लावून घ्या. क्रँक फिरवताना मध्येच थांबायचं नाही, आणि अडल्यावर जोर करायचा नाही. पुढे पूर्ण, मग मागे फिरवून जागेवर. मध्येच जड लागलं तर ते "अजून थोडं ढकला" असं सांगत नसतं. आतल्या गिअरचे दात फार मोठे नसतात.

रोलायफ्लेक्स ऑटोमॅटमध्ये सातवी पायरी नाही. तिथे कागद दोन रूळांच्या मधून घालावा लागतो. हे रूळ जाडी चाचपतात. नुसता कागद जात असताना गप्प बसतात, चिकटपट्टीसकट फिल्मचं टोक आलं की मोजणी सुरू करतात. 1937 सालची ही करामत अजून थक्क करते. पण कागद त्या रूळांच्या मधून न जाता वरून गेला, तर कॅमेऱ्याला फिल्म आल्याचं कळतच नाही आणि क्रँक फिरवत राहिलात तर अख्खा रोल फोटो न काढता पलीकडे जातो. खिडकीत 1 न येता क्रँक फिरतोच आहे असं वाटलं की थांबा. काळ्या पिशवीत उघडून रोल परत गुंडाळला तर वाचतो.

पट्टी वाचायची कशी

कॉन्टॅक्ट शीट (निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून घेतलेला छाप) काढण्याआधी निगेटिव्ह कापू नका. अखंड पट्टी खिडकीच्या काचेला लावा, शेजारी मोजपट्टी धरा आणि प्रत्येक फट मिलिमीटरमध्ये कागदावर लिहून काढा. पाच मिनिटांचं काम आहे. यात लोक कंटाळा करतात आणि मग वर्षभर कॅमेऱ्याला दोष देतात.

*पट्टी पूर्ण कोरी.* कडेला फिल्मचं नाव आणि आकडे उमटलेत का बघा. ते कारखान्यातच प्रकाशानं छापलेले असतात. कडेची अक्षरं स्पष्ट असतील तर डेव्हलपर ठीक आहे, फिल्मपर्यंत प्रकाशच पोचला नाही. कागद उलटा भरला गेला, म्हणजे फिल्म कागदाआड लपली, किंवा जीभ स्पूलमधून सुटली आणि फिल्म पुढे आलीच नाही. कडेची अक्षरंही नसतील तर कॅमेऱ्याला सोडा, रसायनांकडे बघा. फिक्सर आधी ओतणारे तुम्ही पहिले नाही.

*पहिली फ्रेम अर्धी, तिच्यात चिकटपट्टीची कड.* बाण खुणेपर्यंत पोचायच्या आधीच झाकण लावलं. कॅमेऱ्यानं हिशेब बरोबर केला, सुरुवात तुम्ही चुकवली. सगळ्या फटी सारख्या असतील तर यात शंकाच नको.

*शेवटची फ्रेम कापलेली.* दोन शक्यता. फटी सारख्या असतील तर बाण खुणेच्या पुढे गेला होता. फटी शेवटाकडे रुंदावत गेल्या असतील तर जाड कागद-फिल्म किंवा सैल गुंडाळी. स्पूल अपेक्षेपेक्षा लवकर जाड झाला आणि दर फेऱ्याला जास्त कागद ओढू लागला.

*सगळ्या फ्रेम सारख्याच चढलेल्या.* लाल खिडकीच्या कॅमेऱ्यात हा हमखास आकड्यांच्या रांगेचा घोळ. कागदावर तीन रांगा असतात: 6×9साठी 8 आकडे, 6×6साठी 12, 6×4.5साठी 16. सोळाच्या रांगेत दोन आकड्यांमधलं अंतर साडेचार सेंटिमीटरच्या आसपास असतं. आत 6×6ची चौकट ठेवून सोळाची रांग वाचली की प्रत्येक फोटो पुढच्यावर सुमारे एक सेंटिमीटर चढतो. होल्गाच्या मागच्या झाकणावरचा सरकता बाण इथेच दगा देतो. उलट, आठची रांग वाचली तर दोन फोटोंत तीन-साडेतीन सेंटिमीटरची मोकळी जागा आणि रोलमध्ये आठच फोटो. भरण्याआधी रिकाम्या कॅमेऱ्यावर कागदाचा तुकडा धरून खिडकीत कोणती रांग येते ते एकदा बघून ठेवा, आणि झाकणावर पेन्सिलीनं खूण करा.

*सुरुवात छान, शेवटाकडे फटी आवळत जाऊन चढण.* फेरे मोजणाऱ्या कॅमेऱ्याची ही तक्रार, आणि कारण वरच्या उलट: फिल्म पातळ आहे. काही कंपन्या पॉलिएस्टरवर फिल्म बनवतात, ती नेहमीच्यापेक्षा पातळ असते. दुसऱ्या फिल्मचा एक रोल घालून बघा. तो नीट आला तर कॅमेरा निरोगी आहे, फक्त खाण्याच्या आवडी आहेत.

इथे जुना इलाज आहे. ज्या रिकाम्या स्पूलवर फिल्म जाणार त्याच्या गाभ्याला कागदी चिकटपट्टीचे दोन-तीन वेढे द्यायचे, फट मोकळी ठेवून. गाभा 1 मिमीनं जाड झाला की फेरा सुमारे 3 मिमीनं वाढतो. सुरुवातीला परिणाम जास्त, पुढे कमी. हात आखडता ठेवा. फार जाड केलात तर भरलेला रोल स्पूलच्या चकत्यांच्या बाहेर येईल आणि कडांतून प्रकाश शिरेल. आणि हे लक्षात असू द्या की तो स्पूल रोलबरोबर लॅबमध्ये जातो. पुढच्या वेळी नवा स्पूल, नवे वेढे.

*कधी 2 मिमी, कधी 9, कधी चढलेली. काही ताळमेळ नाही.* ही खरी दुखण्याची खूण असू शकते. मोजणारा रूळ घसरतोय, किंवा गुंडाळी ढिली आहे, किंवा अडवणारा खटका झिजलाय. पण आधी स्वतःचा हात तपासा. पायरी चार आणि सहा काटेकोर पाळून एक रोल काढा. फटी सुधारल्या तर ढिलेपणाच होता. नंतर रूळ पुसा. त्यावर वर्षानुवर्षांची तेलकट घाण बसते आणि कागद त्याला धरत नाही. स्पिरिटमध्ये किंचित भिजवलेला कापूस पुरे, थेंब आत गळू देऊ नका.

*मध्येच एक कोरी फ्रेम, किंवा एकावर दोन फोटो.* सुटी मागची बाजू असलेल्या कॅमेऱ्यांत हे घडतं. त्याबद्दल पुढे.

*कडांना राखाडी-काळे ढग.* फटी बरोबर, पण दोन्ही कडांतून धूर आल्यासारखं. रोल ढिला गुंडाळला गेला आणि बाहेर काढल्यावर उन्हात राहिला. शेवटचा फोटो झाल्यावर कागदाची शेपटी सुटू न देता रोल काढा, टोक आत दुमडा, डिंकाची पट्टी ओली करून घट्ट चिकटवा आणि थेट खिशात किंवा डब्यात. टेबलावर ठेवून गप्पा मारू नका. कागदाचं वळण पिळून घट्ट करायचा मोहही टाळा, थर एकमेकांवर घासून फिल्मवर ओरखडे येतात.

*फ्रेम फिल्मच्या कडेला समांतर नाहीत.* स्पूल तिरका बसला, किंवा जीभ मधोमध गेली नाही. पायरी तीन आणि पाच.

फोटोत आकाशावर छापील आकडे किंवा ठिपके दिसले तर तो फ्रेमच्या अंतराचा दोष नव्हे. कागदावरची शाई फिल्मवर उतरते. 2016च्या सुमारास कोडॅकच्या काही 120 रोलांत हे इतकं झालं की त्यांनी कागद बदलला. उष्मा आणि दमट हवा याला हातभार लावतात. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर रोल बंद डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसह थंड जागी ठेवा, आणि कॅमेऱ्यात भरलेला रोल पावसाळाभर तसाच ठेवू नका. त्या बदललेल्या कागदाचा एक तोटा लाल खिडकीवाल्यांच्या वाट्याला आला. आकडे फिकट झाले. इलफर्डचेही फिके असतात. खिडकीवर हाताचा द्रोण धरून तिरक्या उजेडात बघा आणि आकड्याच्या आधी येणारे ठिपके ओळखायला शिका. आकडा दिसेपर्यंतच खिडकी उघडी, मग बंद.

सुट्या मागांचे कॅमेरे

माग म्हणजे कॅमेऱ्याला मागून जोडायचा फिल्मचा सुटा डबा. हॅसलब्लाडच्या ए-12 मागेत फिल्मचा सांगाडा वेगळा निघतो. कागद दाबपट्टीखालून घालायचा, मग मोठं वळण देऊन दुसऱ्या स्पूलवर. वळण उलटं पडतं म्हणून पहिल्यांदा भरणारा हमखास गोंधळतो. काळी बाजू बाहेर, भिंगाच्या दिशेला. हे एकच वाक्य घोका. बाण खुणेशी जुळवा, सांगाडा आत सरकवा, कुलूप लावा, आणि मगच बाजूचा क्रँक अडेपर्यंत फिरवा. जुनी माग विकत घेताना सांगाड्यावरचे शेवटचे तीन आकडे कवचावरच्या क्रमांकाशी जुळतात का बघा. ते दोन्ही कारखान्यात एकमेकांसाठी जुळवलेले असतात. लिलावातून, भंगारातून आलेल्या मागांत जोड्या फुटलेल्या असतात आणि मग फटी मनमानी करतात.

कोऱ्या आणि दुहेरी फ्रेमचं उत्तर मागेवरच्या आणि बॉडीवरच्या लहान खिडक्यांत आहे. पांढरी म्हणजे तयार, लाल म्हणजे फोटो झालाय. माग बदलताना दोन्ही पांढऱ्या असल्या पाहिजेत. बॉडी लाल आणि माग पांढरी अशी जोडलीत तर पुढचा क्रँक न वापरलेली फ्रेम पुढे ढकलतो, ती कोरी जाते. बॉडी पांढरी आणि माग लाल असेल तर आधीच्याच फ्रेमवर दुसरा फोटो. आत बिघाड काहीच नाही.

ममिया आरबी 67चं पहिलं रूप, 1970चं, याहून मोकळ्या स्वभावाचं. शटर चढवायचा खटका बॉडीवर, फिल्म पुढे न्यायचा मागेवर, आणि दोघांचं एकमेकांशी बोलणं नाही. फिल्म पुढे न्यायला विसरलात तर कॅमेरा आडकाठी करत नाही. पुढच्या प्रो-एसमध्ये ही पळवाट बंद केली. पहिला आरबी वापरत असाल तर फोटो काढला की लगेच फिल्म पुढे, असा एकच क्रम हाताला लावा.

पेंटाकॉन सिक्सची बदनामी मात्र अर्धी खरी आहे. त्याचा फिल्म ओढायचा खटका स्प्रिंगचा. तो पूर्ण ओढून बोट काढलं की फटकन मागे जातो, आतलं यंत्र उडी मारतं आणि पुढची फ्रेम चढते. एका दमात शेवटपर्यंत ओढा आणि बोट न सोडता हळूच परत आणा. भरताना मागच्या रोलला ताण ठेवा, बाण खुणेपाशी आल्यावर रोल मागे फिरवून ढिलाई काढा. एवढं केल्यावरही चढण येत असेल तरच दुरुस्तीचं बोलू.

घडीच्या जुन्या कॅमेऱ्यांत झाईस आयकॉनच्या सुपर आयकॉन्टा 532/16 चा उल्लेख करतो, कारण त्याच्या मालकांचे चेहरे मी पाहिलेत. बाराऐवजी अकराच फोटो आले म्हणून हताश झालेले. तो कॅमेरा अकराच काढतो. बनवणाऱ्यांनी सुरक्षित फटींसाठी एक फोटो सोडून दिला.

चोरबाजारातून कोडॅकचा जुना पेटी कॅमेरा उचलला आणि 120चा रोल आत जाईना, तर तो 620चा असणार. फिल्म आणि कागद तेच, स्पूलचा गाभा आणि चकत्या वेगळ्या. चकत्या घासून 120 कोंबायचे सल्ले मिळतात. आत गेला तरी जड फिरतो आणि फटी बिघडतात. काळ्या पिशवीत रोल आधी एका रिकाम्या स्पूलवर गुंडाळा, मग तिथून 620च्या स्पूलवर. दुसऱ्या फेरीत फिल्मचं मोकळं टोक आधी आत जातं, आणि चिकटपट्टीपाशी पोचल्यावर फिल्मला थोडा फुगा आलेला हाताला लागतो. पट्टी उचलून, फिल्म सपाट करून परत चिकटवा. हा फुगा तसाच ठेवला तर पहिल्याच फोटोत सुरकुती.

बळीचा रोल

बिघाड नक्की कुठे आहे हे शोधायला फोटो काढून धुवायची गरज नाही. सुरुवातीला उलगडलेला तो रोल फिल्मसकट नीट गुंडाळून घ्या. नुसत्या कागदावर चाचणी करू नका. जाडी चुकते, आणि रोलायफ्लेक्ससारखा कॅमेरा तर सुरूच होणार नाही.

सुटी माग असेल तर काम सोपं. रोल भरा, 1वर आणा, माग बॉडीतून काढा, डार्क स्लाइड (फिल्मपुढचा प्रकाश अडवणारा पातळ पत्रा) ओढा आणि बारीक मार्करनं चौकटीच्या चारही कडा आतून फिल्मवर रेखा. कोपऱ्यात आकडा लिहा. स्लाइड परत, माग बॉडीवर, फोटो, क्रँक, पुन्हा रेखणं. बारा झाल्या की रोल काढून टेबलावर पसरा. आठवडाभर लॅबची वाट न बघता फटी समोर येतात.

जुळ्या भिंगांच्या कॅमेऱ्यात पुढून हात पोचत नाही. झाकण उघडून मागच्या कागदावर रेखावं तर प्रेशर प्लेटचा दाब नाही, शिवाय यशिकात झाकण उघडलं की मोजणी शून्यावर जाते. तिथे नाइलाजानं खरा रोल वापरा, पण हुशारीनं: पांढऱ्या भिंतीचे बारा फोटो, प्रत्येकात आकडा लिहिलेला कागद. उजळ पार्श्वभूमीवर फ्रेमची कड सुरीसारखी दिसते. रात्रीच्या फोटोंवरून फटी मोजायला जाल तर कड सापडणारच नाही.

एकाच फिल्मचे दोन रोल करा. दोन्हींत फटींचा नमुना तोच आला तर दोष यंत्रात किंवा फिल्मच्या जाडीत आहे. वेगवेगळा आला तर हातात, किंवा घसरणाऱ्या रूळात.

दुरुस्तीवाल्याकडे जायची वेळ आलीच, तर "फ्रेम चढतात" एवढंच सांगून कॅमेरा सोडून येऊ नका. मी एकदा तसं केलं. कॅमेरा शटर साफ होऊन, वेग तपासून, चकाचक होऊन परत आला आणि फ्रेम पूर्वीसारख्याच चढत होत्या, कारण बघायचं काय हे मीच सांगितलं नव्हतं. बरोबर न्यायचं ते असं: न कापलेली पट्टी, फटींची यादी, फिल्मचं नाव, आणि बळीचा रोल स्पूलसकट. म्हणजे त्याला तुमच्यासमोर, तुमच्याच फिल्मवर चालवून बघता येईल.